प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाच्या डोळ्यात बुरशी : पहिल्या दिवसापासून औषध थांबेपर्यंत

जुलैत ठाण्यात कोणाचा डोळा लाल झाला की शेजारी, मेडिकलवाला, कधी कधी फॅमिली डॉक्टरही एकच सांगतात : डोळे आलेत. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं आणि डोळा काही दिवसांत आपोआप निवळतो. पण ज्याची केमो चालू आहे, किडनी बदललेली आहे, महिनोन्‌महिने पोटात स्टेरॉइड जातंय किंवा साखर तीनशेच्या खाली उतरायला तयार नाही, त्याच्या लाल डोळ्याला हा निकाल लावून मोकळे होऊ नका. त्या डोळ्यात बुरशी असू शकते. मेडिकलमध्ये सर्रास मिळणारे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचे मिश्र थेंब तिला खतपाणीच घालतात. दोन दिवस लाली उतरते, घरचे निश्चिंत होतात आणि बुरशी आत पसरत राहते.

नेत्रविभागात नातेवाइकांना औषधं समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. खाली औषधांची नावं आणि मात्रा दिल्या आहेत त्या घरी सुरू करण्यासाठी नाहीत. डॉक्टर काय करतायत ते कळावं आणि नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठीच त्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. बुरशीचं औषध हा या आजारावरचा अर्धाच उपचार आहे. ज्या कारणाने प्रतिकारशक्ती खचली ते कारण आवरणं हा उरलेला अर्धा, आणि तो नेत्रतज्ज्ञाच्या हातात नसतो. कॅन्सरचे, किडनीचे किंवा साखरेचे डॉक्टर आणि डोळ्यांचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावणं हे काम बहुतेक वेळा घरच्यांनाच करावं लागतं.

कोणी सावध राहायचं

रक्ताचा कॅन्सर असलेले आणि केमो घेणारे, विशेषतः ज्यांचे न्यूट्रोफिल (बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५००च्या खाली गेले आहेत. किडनी, लिव्हर किंवा बोन मॅरो बदललेले, म्हणजे टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेटसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे. सीडी-४ काउंट (संरक्षण करणाऱ्या पेशींची संख्या) २००च्या खाली असलेले एचआयव्हीबाधित. ल्युपस, संधिवात, दमा यांसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे. साखर आटोक्याबाहेर असलेले मधुमेही. आणि जे आठवडेच्या आठवडे आयसीयूत होते, मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) होती, शिरेतून अन्न दिलं जात होतं असे रुग्ण.

एक गट मात्र कागदावर कुठेच दिसत नाही. गुडघेदुखीवर कोणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या घेणारे आजी-आजोबा. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून सांगितलेल्या अशा पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत गुडघा पळायला लागला, चेहरा गोल झाला, भूक सुटली, साखर अचानक वाढली, तर संशय घ्या आणि पुडी डॉक्टरांना दाखवा. आजोबा लपवतील, तुम्ही लपवू नका.

बुरशी कुठे आहे, त्यावर घाई ठरते

पहिली जागा बुबुळ, म्हणजे कॉर्निया. शहापूर-मुरबाडकडे भात कापताना, झोडताना कुसळ किंवा काडी डोळ्यात जाते आणि त्यासोबत फ्युझेरियम, ॲस्परजिलस या बुरश्या आत शिरतात. डोळा टोचतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, आणि बुबुळावर कडा पिंजल्यासारखा करडा-पांढरा डाग दिसतो. प्रतिकारशक्ती कमी असेल, डोळे कोरडे असतील, आधीपासून स्टेरॉइडचे थेंब चालू असतील, तर काही लागलेलं नसतानाही कॅन्डिडा ही बुरशी बुबुळात घर करते. इथे वेळ दिवसांत मोजायचा.

दुसरी जागा डोळ्याच्या आत, पडद्याजवळ. बुरशी रक्तातून येते, बहुतेकदा कॅन्डिडा. ही फसवी. डोळा बाहेरून अगदी स्वच्छ दिसू शकतो. रुग्ण एवढंच म्हणतो, “डोळ्यापुढे काळं काहीतरी तरंगतंय,” किंवा “धुरकट दिसतंय.” आयसीयूतून घरी आलेल्या माणसाची ही तक्रार अशक्तपणावर ढकलू नका. एकदोन दिवसांत बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.

तिसरी जागा डोळ्याची खोबण. सायनसमधून (नाकाभोवतीच्या पोकळ्यांतून) तिथे पोचणारी म्युकरमायकोसिस, जिला २०२१च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर सगळा महाराष्ट्र ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखायला लागला. एका बाजूचा गाल बधिर होणं किंवा दुखणं, एकच नाकपुडी चोंदणं, नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित स्राव, पापणी सुजणं किंवा खाली पडणं, एकाचे दोन दिसणं, वरचे दात हलायला लागणं, टाळूवर काळा चट्टा. यातलं काही मधुमेही किंवा केमोच्या रुग्णात दिसलं तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी निघायचं. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, पुढचा भाग मरतो आणि मेंदू तिथून फार लांब नसतो.

डोळा फारसा लाल नाही, फारसा दुखत नाही म्हणजे आजार किरकोळ, हा हिशेब या रुग्णांना लागू होत नाही. लाली, सूज, दुखणं हे शरीर लढत असल्याचं लक्षण. पांढऱ्या पेशीच नसतील तर लढणार कोण? म्हणून दिसणं किती कमी झालंय यावर जास्त भरवसा ठेवा.

पहिला दिवस : घरी काय, आणि मग कुठे

एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचायला सांगा, मग डोळा बदला. दोन्ही डोळे उघडे असताना एकाचं अंधुक होणं कळतच नाही. साखर तपासा, ताप बघा. तोंड उघडून बॅटरीने टाळू बघा, हे कोणी करत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, पण फेकू नका. डबी आणि सोल्युशनच्या बाटलीसकट सोबत घ्या, त्यातूनही बुरशी सापडू शकते. डोळ्यात मध, तूप, गुलाबपाणी, गोमूत्र, बाळाच्या आईचं दूध यांतलं काहीही घालू नका. आतापर्यंत घातलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या पिशवीत टाका, रिकाम्याही. पोटातलं स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही. ते एकदम थांबलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

नेमकं कुठे जायचं? फक्त बुबुळाचा प्रश्न वाटत असेल तर कॉर्नियाचे तज्ज्ञ आणि बुरशीची तपासणी करणारी लॅब, दोन्ही असलेलं डोळ्यांचं रुग्णालय चालेल. डोळ्याभोवती सूज, नाक-गालाच्या तक्रारी किंवा ताप असेल तर डोळे, कान-नाक-घसा, मेडिसिन आणि एमआरआय एका छताखाली हवं. म्हणजे मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. ठाण्याकडच्यांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईकडच्यांना नेरूळचं डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचं एमजीएम, आणि गरज पडली तर मुंबईत सायन, केईएम, जे. जे. निघण्याआधी फोन करून एवढं विचारा : आज कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत का, एमआरआय चालू आहे का, ॲम्फोटेरिसिन (बुरशीवरचं इंजेक्शन) मिळेल का? तीन रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत फिरण्यापेक्षा तीन फोन बरे. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या केंद्रात) किंवा दुसरीकडे कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आधी तिथल्या डॉक्टरांना कळवा. त्यांची फाइल, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट) आणि शेवटच्या केमोची तारीख याशिवाय डोळ्यांचे डॉक्टर अर्ध्या अंधारात असतात.

तपासण्या : औषधाआधी नमुना

नमुना घेण्याआधी बुरशीचे थेंब सुरू झाले तर बुरशी लॅबमध्ये उगवण्याची शक्यता कमी होते. म्हणून “नमुना घेतला का?” हे विचाराच. बुबुळाचा नमुना म्हणजे भूल देणारे थेंब घालून जखमेच्या कडा आणि तळ हलक्या हाताने खरवडणं. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसू शकतात. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी उगवून बघायला, मात्र काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. उपचार त्याच्यासाठी थांबत नाहीत.

डोळ्याच्या आतली बुरशी असेल तर आतल्या द्रवाचा नमुना, रक्ताचं कल्चर, आणि सेंट्रल लाइन अजून असेल तर ती काढण्याचा निर्णय. म्युकरचा संशय असेल तर नाकातून दुर्बीण घालून काळ्या पडलेल्या भागाचा तुकडा आणि डाय देऊन एमआरआय. इथे एक खोच आहे. बीटा-डी-ग्लुकान नावाची रक्ततपासणी बऱ्याच बुरश्यांसाठी उपयोगी असली तरी म्युकर त्यात दिसत नाही. ती नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

बुबुळाची बुरशी : थेंबांची नोकरी

धाग्यांच्या बुरशीवर, म्हणजे फ्युझेरियम-ॲस्परजिलसवर, पहिलं औषध नाटामायसिन ५ टक्के. व्होरिकोनॅझोल नवं आणि महाग, म्हणून ते चांगलं असणार असा समज असतो. पण अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नाटामायसिनच सरस ठरलं, फ्युझेरियमवर तर स्पष्टपणे. कॅन्डिडासाठी ॲम्फोटेरिसिन ०.१५ टक्क्याचे थेंब जास्त वापरतात. ते बहुधा इंजेक्शनपासून रुग्णालयातच बनवून देतात, फ्रीजमध्ये आणि उजेडापासून झाकून ठेवावे लागतात, आणि झोंबतात. बनवल्याची तारीख बाटलीवर लिहून घ्या. इंजेक्शन आणून घरी असे थेंब कधीही बनवू नका.

सुरुवातीला दर तासाला थेंब, पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा. हे ऐकून नातेवाइकांचे चेहरे पडतात. एकट्याने होत नाही. दोघांनी पाळ्या लावा, मोबाइलवर गजर लावा, आणि भिंतीवर कागद चिकटवून प्रत्येक थेंबापुढे वेळ लिहा. पहाटे चारचा थेंब घातला की नाही हे साडेचारला आठवत नाही.

घालण्याची रीत अशी. हात साबणाने धुवा. नाटामायसिनची बाटली दर वेळी चांगली हलवा; औषध तळाशी बसतं आणि न हलवता नुसतं वरचं पाणीच डोळ्यात जातं. रुग्णाला मान मागे टाकायला सांगा, खालची पापणी गालाच्या हाडाकडे ओढा, तयार झालेल्या खोळीत एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा हळू मिटायला सांगा, मिचकावायला नाही. दुसऱ्या औषधाचा थेंब पाच मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी. नाटामायसिनचा पांढरा थर पापणीवर आणि जखमेवर साचतो. तो पू समजून आया-मावश्या कापसाने खरवडायला जातात. बाहेरचा थर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने टिपा, बुबुळावरच्याला हात लावू नका. तो डॉक्टर काढतील.

डोळ्यावर पट्टी बांधायची नाही. पट्टीखालची ऊब आणि ओल बुरशीला हवीच असते. संरक्षणासाठी भोकं असलेलं प्लास्टिकचं शील्ड चालतं.

नाटामायसिन खोलवर जात नाही. जखम खोल असेल तर डॉक्टर बुबुळातच व्होरिकोनॅझोलची सुई देतात किंवा पोटातून गोळी जोडतात. पहिल्या आठवड्यात सुधारणा दिसली नाही म्हणून डॉक्टर बदलत फिरू नका. बुरशीची जखम जिवाणूंच्या जखमेपेक्षा सावकाश भरते, आणि डाग वाढला नाही, कडा बोथट झाल्या, तरी ती प्रगतीच. सगळं मिळून तीन ते सहा आठवडे धरा, कधी जास्तही. पण एखाद्या दिवशी डोळ्यातून एकदम कोमट पाणी वाहिलं आणि दुखणं अचानक थांबलं, तर बरं वाटलं म्हणून बसू नका. बुबुळाला भोक पडलेलं असू शकतं. डोळा न दाबता, न धुता, शील्ड लावून लगेच रुग्णालय. अशा वेळी बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. तेव्हा नजर परत आणण्याच्या आधी डोळा वाचवणं येतं.

डोळ्याच्या आतली बुरशी

इथे थेंबांचा उपयोग जवळजवळ नाही. शिरेतून किंवा पोटातून फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल किंवा ॲम्फोटेरिसिन किमान चार ते सहा आठवडे, आणि आजार डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीपर्यंत पोचला असेल तर थेट डोळ्यात इंजेक्शन किंवा ती जेली काढण्याची शस्त्रक्रिया. आयसीयूमध्ये रक्तातल्या कॅन्डिडासाठी कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन ही औषधं नेहमी देतात. रक्तासाठी ती उत्तम, पण डोळ्याच्या आत पुरेशी पोचत नाहीत. रुग्ण त्यांच्यावर असेल आणि डोळ्याची तक्रार निघाली तर “हे डोळ्यात पोचतं का?” हा प्रश्न विचारायला लाजू नका.

म्युकर : औषध, शस्त्रक्रिया, साखर, तिन्ही एकाच दिवशी

लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन (किडनीला साध्यापेक्षा सौम्य असा प्रकार) किलोमागे ५ मिलिग्रॅम, मेंदूपर्यंत गेलं असेल तर त्याहून जास्त. ५० मिलिग्रॅमची कुपी धरली तर ६० किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या. हा हिशेब पहिल्याच दिवशी घाला, म्हणजे रात्री अकराला मेडिकल शोधत फिरावं लागणार नाही. कुपीवर लिहिलेल्या तापमानातच ती आणा आणि गोठू देऊ नका. हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये देतात, मिठाच्या सलाइनमध्ये मिसळलं तर साका होतो. मधुमेह्याला ‘साखरेचं सलाइन’ लावलेलं पाहून नातेवाईक भांडायला उठतात. भांडू नका, इन्सुलिनचं काय ते विचारा. थंडी वाजून ताप भरणं होऊ शकतं, नर्सना सांगा. क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम वरचेवर तपासावं लागतं, कारण औषध किडनीवर ताण टाकतं आणि पोटॅशियम उतरवतं. पोटॅशियम कमी आलं म्हणून डॉक्टरांना न विचारता शहाळी पाजत सुटू नका, किडनीच्या रुग्णाला ते उलटं पडू शकतं.

व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. नंतरच्या टप्प्यात पोसाकोनॅझोल किंवा इसाव्युकोनॅझोलच्या गोळ्या येतात, आणि त्या काही महिने घ्याव्या लागू शकतात.

शस्त्रक्रियेला ‘आधी औषधाने बघू’ म्हणून टाळाटाळ करू नका. मेलेल्या भागात रक्तच जात नाही, मग औषध तिथे पोचणार कसं? सायनस साफ करावे लागतात, कधी पुन्हा पुन्हा. खोबणीतल्या बुरशीसाठी डोळ्यामागे ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं देऊन काहींचा डोळा राखता येतो. आणि कधी डोळा काढण्याची गोष्ट निघते. त्या क्षणी घरातले दहा जण दहा दिशांना बोलतात. एकाला बोलायला नेमा आणि डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारा : या डोळ्याला आत्ता उजेड तरी दिसतो का, बुरशी मेंदूच्या दिशेने सरकतेय का, आणि डोळा ठेवला तर जिवाचा धोका किती वाढतो? रुग्ण शुद्धीत असेल तर हे त्याच्यासमोर बोला. तो त्याचा डोळा आहे.

पैशाची बाजू. लिपोसोमल औषध महाग आहे. म्युकरचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२१ सालीच झाला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जा, बिल झाल्यावर नाही. परवडतच नसेल तर साधं ॲम्फोटेरिसिनही देतात, पण त्यात किडनीवर आणखी बारीक लक्ष ठेवावं लागतं.

गोळ्यांची आपसातली भांडणं

किडनी बदललेल्याला व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल सुरू केलं की टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी झपाट्याने चढते. व्होरिकोनॅझोलबरोबर त्याचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणतात आणि पातळी मोजत राहतात. किडनीच्या डॉक्टरांना कळवल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा नको. बुरशीची गोळी थांबेल तेव्हा टॅक्रोलिमसचा डोस पुन्हा वाढवावा लागतो, आणि तेव्हा कळवायचं राहून जातं. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर व्होरिकोनॅझोल चालणारच नाही, कारण ते रक्तात टिकतच नाही. कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या ठोक्यांच्या गोळ्यांचीही यादी दाखवा.

व्होरिकोनॅझोलची गोळी जेवणाआधी किंवा नंतर तासभर अंतर ठेवून, पोसाकोनॅझोलची गोळी जेवणासोबत. व्होरिकोनॅझोल घेतल्यावर थोड्या वेळाने डोळ्यांपुढे चमक येते, रंग बदललेले वाटतात. आधीच डोळ्याचा आजार, त्यात हे, म्हणून रुग्ण हबकतो. हे औषधामुळे होतं आणि बहुधा अर्ध्या-एक तासात जातं; दिवसभर टिकलं तर मात्र दाखवा. उन्हात कातडी भाजते, टोपी आणि लांब बाह्या हव्यात. लिव्हरची तपासणी आणि औषधाची रक्तातली पातळी, हे दोन्ही विचारून करून घ्या.

घरी आल्यावर

भिंतीवरची पावसाळी बुरशी रुग्णाने घासायची नाही, दुसऱ्याने घासायची, आणि रुग्ण खोलीत नसताना. घोडबंदर रोडसारख्या बांधकामं चालू असलेल्या भागात खिडक्या मिटून ठेवा, ओल्या फडक्याने पुसा. खोदकामाच्या धुळीत ॲस्परजिलसचे बीजकण असतात. कुंड्यांची माती, सुकलेला पालापाचोळा, कबुतरांची विष्ठा यांपासून लांब. गावी भात झोडताना चष्मा नव्हे, बाजूने बंद असलेला गॉगल.

साखर रोज लिहून ठेवा. स्टेरॉइड कमी करायचं असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावर, टप्प्याटप्प्याने. थेंब किंवा गोळ्या संपल्या म्हणून थांबवू नका. थांबवण्याची तारीख डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या. आणि पुढच्या केमोची तारीख ठरण्याआधी नेत्रविभागाचा डिस्चार्ज कागद कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ठेवा. पांढऱ्या पेशींचा काउंट पुन्हा पडणार असेल तर जुनी बुरशी डोकं वर काढू शकते, आणि त्या काळात बचावासाठी बुरशीची गोळी चालू ठेवायची का, हे केमो चढवण्याच्या दिवशी नाही, त्याआधी ठरायला हवं.